जर्मनीतलं स्वयंसेवेचं वर्ष आणि तिथला वाढदिवस

बारावी किंवा पदवी झाली की जर्मनीत जाऊन एक वर्ष स्वयंसेवक म्हणून काम करायचं, हा मार्ग अलीकडे भारतातले बरेच तरुण धरत आहेत. वृद्धाश्रम, बालवाडी, रुग्णालय, दिव्यांगांची निवासी केंद्रं अशा ठिकाणी हे काम असतं. आपल्याकडच्या घरांतही व्हिसा, भाषा, विमा, गरम कपडे यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. पण त्या वर्षात मुलाचा किंवा मुलीचा एक वाढदिवस तिथे येणार, ही गोष्ट सहसा कोणाच्या यादीत नसते. प्रत्यक्षात घरची आठवण सर्वांत जास्त येते ती त्याच दिवशी. शिवाय वाढदिवसाची तिथली रीत आपल्यापेक्षा इतकी वेगळी आहे की माहीत नसेल तर गैरसमज ठरलेला. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

हे वर्ष कसं असतं

जर्मनीत 'फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार', म्हणजे स्वयंसेवी सामाजिक वर्ष, या योजनेला १९६४ साली कायद्याचा आधार मिळाला. २७ वर्षांच्या आतल्या तरुणांसाठी ती आहे. २०११ साली तिथली सक्तीची लष्करी भरती स्थगित झाली आणि तेव्हाच केंद्र सरकारची दुसरी स्वयंसेवा योजना सुरू झाली. तिला वयाची वरची अट नाही. काम बहुधा १२ महिन्यांचं असतं. पगार नसतो, हातखर्चाला रक्कम मिळते आणि पुष्कळ ठिकाणी राहण्या-जेवणाची सोयही होते. वर्षभरात एकूण २५ दिवस शिबिरांसाठी राखलेले असतात. वेगवेगळ्या संस्थांत काम करणारे स्वयंसेवक तिथे एकत्र राहतात. नव्या मैत्री जुळतात त्या मुख्यतः इथेच आणि कामावरच्या सहकाऱ्यांत.

केक ज्याचा त्याने आणायचा

आपल्याकडे वाढदिवस इतरांनी साजरा करायचा असतो. आई औक्षण करते, मित्र रात्री बाराला केक घेऊन दारात उभे राहतात, ऑफिसात वर्गणी निघते. जर्मनीत मोठ्या माणसाचा वाढदिवस असेल तर सहकाऱ्यांसाठी केक त्यानेच आणायचा असतो. सकाळी तो केक चहा-कॉफीच्या खोलीत ठेवायचा, सगळ्यांना सांगायचं, मग लोक येऊन शुभेच्छा देतात. संध्याकाळी मित्रांना बोलवायचं तर आमंत्रणही आपणच द्यायचं.

हे माहीत नसलेली मुलगी दिवसभर वाट पाहते. कोणी काही करत नाही, म्हणून आपण इथे कोणालाच नको आहोत असं तिच्या मनात येतं. सहकारी मात्र समजतात की हिला वाढदिवस साजरा करायची इच्छा नसावी, मग उगाच कशाला डिवचा. दोन्हीकडे भावना चांगलीच असते, पण दिवस फुकट जातो आणि त्याची बोच महिनाभर राहते.

आपल्यालाही ही रीत अगदी अनोळखी नाही. शाळेत वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं आपणच वाटायचो. जर्मन माणूस तो नियम मोठेपणीही पाळतो, एवढंच लक्षात ठेवावं. आठवडाभर आधी आपल्या मार्गदर्शकाला विचारावं, 'अमक्या दिवशी माझा वाढदिवस आहे, मी खाऊ आणला तर चालेल का?' प्रत्येक स्वयंसेवकामागे असा एक मार्गदर्शक नेमलेला असतो. एवढ्या एका वाक्याने पुढचं सगळं सुरळीत होतं.

आधी शुभेच्छा देऊ नयेत

जर्मन लोक एरवी कितीही हिशेबी वाटले तरी वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं त्यांना अशुभ वाटतं. आदल्या दिवशी 'ॲडव्हान्समध्ये' हॅपी बर्थडे म्हणालात तर समोरचा चपापतो. दोन दिवस उशीर झाला तर मात्र काही बिघडत नाही. उशिरा दिलेल्या शुभेच्छांसाठी त्यांच्याकडे स्वतंत्र शब्दच आहे.

घरच्यांनीही इथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, एरवी साडेचार तास. म्हणजे बडोद्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्या वेळी सगळं घर फोनवर गाऊ लागलं की शेजारी बसलेल्या जर्मन मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागतात. 'भारतात आता तारीख बदलली आहे' असं हसत सांगून टाकावं. त्यांनाही मग गंमत वाटते.

भेटवस्तूंचंही उलट आहे. आपल्याकडे पाहुण्यांदेखत पाकीट उघडणं बरं दिसत नाही. तिथे देणाऱ्याच्या समोरच उघडून 'आवडलं' म्हणायचं असतं. बाजूला ठेवून दिलंत तर देणारा खट्टू होतो. आणि दुपारी चारची कॉफी म्हटली की लोक चारलाच येतात, त्यामुळे पावणेचारला आंघोळ बाकी असून चालत नाही.

खायला काय करावं

आपल्या शाकाहारी मुलांना खरी अडचण इथे येते. तिथल्या बहुतेक केकमध्ये अंडं असतं आणि 'शाकाहारी' असं लिहिलेल्या पदार्थातही ते चालतं. क्रीमच्या थरांच्या गार केकमध्ये बरेचदा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. प्रसिद्ध ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू घालतात. दुकानातून आणताना लेबल वाचावं, नाहीतर सरळ आपलाच पदार्थ करावा.

त्यासाठी सर्वांत सोपं म्हणजे श्रीखंड. जर्मनीच्या कुठल्याही किराणा दुकानात 'क्वार्क' नावाचा दुधाचा पदार्थ २५० किंवा ५०० ग्रॅमच्या डब्यात मिळतो. चव आणि पोत पाहाल तर आपला चक्काच. ४० टक्के स्निग्धांशाचा घ्यावा, बिनसायीचा कोरडा लागतो. ५०० ग्रॅम क्वार्क स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर निथळत ठेवावा. सकाळी त्यात साधारण १५० ग्रॅम पिठीसाखर चवीप्रमाणे कमीजास्त करून फेटावी, वेलची आणि चमचाभर कोमट दुधात खललेलं केशर घालावं. सहा-सात जणांना वाटीभर पुरतं. अंडं नाही, जिलेटिन नाही, गॅसही लागत नाही. पुऱ्या तळण्याच्या फंदात वसतिगृहात पडू नये.

गोड शिराही होतो. बारीक रव्याला तिथे 'ग्रीस' म्हणतात. त्याची खीर जर्मन घरांत मुलांना देतात, त्यामुळे शिऱ्याची चव त्यांना परकी वाटत नाही. तुपासाठी 'बुटरश्माल्त्स' मागावं. काजू, बदाम, पिस्ते मात्र वेगळ्या वाटीत ठेवावेत, कारण तिथे सुकामेव्याची ॲलर्जी असणारे बरेच भेटतात. पदार्थात काय काय आहे याची चिठ्ठीही शेजारी ठेवावी. वृद्धाश्रमात काम असेल तर घरचा पदार्थ रहिवाशांना देण्याआधी परवानगी घ्यावीच. मधुमेह आणि गिळण्याचा त्रास असलेली मंडळी तिथे असतात.

औक्षण आणि मेणबत्त्या

केकवर वर्षाला एक याप्रमाणे मेणबत्त्या लावण्याची प्रथा जर्मनीत जुनी आहे. १७४६ सालच्या एका सरदाराच्या वाढदिवसाच्या वर्णनात ती आढळते. तिथे मुलांच्या केकवर मधोमध एक मोठी मेणबत्तीही लावतात. तिला 'आयुष्याची ज्योत' म्हणतात.

हे माहीत असलं की औक्षण समजावून सांगणं सोपं जातं. 'आमच्याकडे ज्योत विझवत नाहीत, ती माणसाभोवती ओवाळतात' इतकं पुरतं. मैत्रिणींना ताम्हन हातात धरायला द्यावं, त्या आनंदाने ओवाळतात. फक्त खोलीत खरी ज्योत लावायची तर आधी विचारावं. वसतिगृहांत आणि वृद्धाश्रमांत पुष्कळ ठिकाणी तिला मनाई असते. तिथे बॅटरीचं निरांजन चालवून घ्यावं.

जिथे काम, तिथला वाढदिवस

बालवाडीत मूल वाढदिवसाच्या दिवशी राजा असतं. डोक्यावर कागदी मुकुट, बसायला खास खुर्ची, सगळे गोल बसून गाणं म्हणतात. स्वयंसेवकाचा वाढदिवस मुलांना कळला तर मुकुट त्याच्याही डोक्यावर येतो, तेव्हा लाजू नये. वृद्धाश्रमात काम करणाऱ्याला वर्षभर इतरांचे वाढदिवस करावे लागतात. ज्यांच्याकडे त्या दिवशी कोणीच फिरकत नाही असे आजी-आजोबाही त्यांत असतात. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलेला मुलगा आपल्या वाढदिवसाला एकटा राहत नाही, कारण तोवर त्याची तारीख त्यांनी विचारून ठेवलेली असते.

फोटोंबाबत मात्र काटेकोर राहावं. लहान मुलांचे किंवा रहिवाशांचे फोटो परवानगीशिवाय काढून घरच्या ग्रुपवर टाकू नयेत. तिथे या बाबतीत कायदा कडक आहे.

पालकांना एकच सांगणं. बॅग भरताना केशराची डबी, वेलचीची पुडी आणि एक पातळ मलमलचं फडकं आठवणीने घाला. वजन शंभर ग्रॅमही होणार नाही. आणि मुलांना निघण्याआधी एवढं नक्की सांगा, की तिथे वाढदिवसाला कोणी बोलावण्याची वाट पाहायची नाही, आपण बोलवायचं. बोलावलं की लोक येतात, वेळेवर येतात, आणि श्रीखंड पुन्हा मागून घेतात.