सव्वाचार गुंठ्यांचं मैदान

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या लोहारा गावाच्या हिशेबात सव्वाचार गुंठे. भोवतालची मोकळी जागा धरली तरी सात-सव्वासात गुंठ्यांत काम भागतं. अमेरिकेतल्या कॉलेजांत बेसबॉल खेळतात, त्यातल्या नुसत्या आतल्या चौकोनाची बाजू ९० फूट, म्हणजे जवळजवळ आमच्या अख्ख्या मैदानाच्या लांबीएवढी असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात खो-खो शिकवते. आमच्या खेळाला एवढी जागा लागत नाही, पण जी लागते ती नीट राखलेली लागते.

मैदान आखणं हे मी मुलींनाच करायला लावते. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण ३१ मीटर ३८ सेंटिमीटर भरले की कोपरे काटकोनात आले. मग फक्की मारायची. दोन्ही टोकांना जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचे गुळगुळीत खांब. त्यांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. त्या छेदतात तिथे आठ चौकोन तयार होतात. त्यांत आठ गडी आळीपाळीनं उलट-सुलट तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो. शेजारशेजारच्या दोन आडव्या पाट्यांत २ मीटर ३० सेंटिमीटर अंतर असतं.

सगळा खेळ या रेघांतून जन्मतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जाता येतं. म्हणून बसलेल्या आठ गड्यांमधून नागमोडी पळत साखळी खेळणारी मुलगी वेगानं सरस असलेल्या गड्यालाही दमवते. ही दिशेची अट सुटते ती फक्त खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात. साहजिकच निम्मी झुंज खांबापाशी होते. एका हातानं खांब धरून सबंध अंग बाहेर झोकून दिलेली मुलगी बघितली की कळतं, तो खांब इतका गुळगुळीत आणि जमिनीत इतका घट्ट का हवा.

हे माप असंच आभाळातून पडलेलं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली नियम लिहायला सुरुवात झाली. पुढे मापं बदलत गेली. मैदान २९ मीटरचं होतं, ते २७ वर आलं. राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला सुरू झाली, ती पुरुषांची. महिलांची पहिली स्पर्धा पुढच्याच वर्षी कोल्हापूरला झाली. शंभर वर्षं माणसं या रेघांवर विचार करत आलीत. माझ्या मुलींना हे मी आवर्जून सांगते.

आता मातीबद्दल. आमच्या भागातली जमीन काळी. पावसाळ्यात पायाला चिखल चिकटतो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेत अंगठा अडकला की घोटा गेलाच. म्हणून वरचा काळा थर काढून मुरूम भरावा लागतो, त्यावर चाळलेली तांबडी माती, मग पाणी आणि रोलर. रोज सकाळी खडे आणि काटे वेचणं ठरलेलं. एवढं केल्याशिवाय मुलीला 'सूर मार' म्हणायचा मला अधिकार नाही. सूर मारताना तिची छाती आणि कोपरं त्याच मातीवर आपटणार असतात.

आता जागेबद्दल. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं नव्यानं वसली. नव्या वसाहतींत ऐसपैस मोकळ्या जागा सुटल्या. अशा प्रत्येक जागेत एक आखलेलं मैदान असावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण आपल्या जिल्ह्यानं काय करून दाखवलंय ते बघा. धाराशिवच्या सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

पण तो विश्वचषक मॅटवर झाला, छपराखाली. २०२२ मध्ये बालेवाडीला झालेली अल्टिमेट खो-खो लीगही मॅटवरच होती. मातीवर आमच्या मुली अनवाणी खेळतात, मॅटवर बूट लागतात. मातीत पाय थोडा घसरत थांबतो, मॅटवर तो जागच्या जागी रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो. वळण घेण्याचा अंदाजच बदलतो. मातीवर वाढलेली मुलगी पहिल्यांदा मॅटवर उतरते तेव्हा तिची साखळी तुटते, आणि ते तिच्या कमी सरावामुळे नसतं. मातीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अंग झोकायची हिंमत मुली मातीवरच शिकतात. पण प्रत्येक तालुक्याला छपराखालची एक मॅट हवीच, म्हणजे निवड चाचणीच्या आधी निदान महिनाभर बूट घालून सराव होईल. मॅट आली की ती ठेवायला उंदीर-ओल नसलेली खोली लागेल, आणि मातीच्या मैदानावर ऐन मे महिन्यात पाणी मारायला टँकर. मैदानासाठी आणि मॅटसाठी खर्च मागताना या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहाव्यात.