एकच फ्लॅश, पण कॅमेऱ्यापासून दूर

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश चेहऱ्यावर थेट समोरून आदळतो. नाकाची उंची, गालाचा उतार, सगळं सपाट होतं. तोच फ्लॅश वायरलेस ट्रिगर लावून स्टँडवर बाजूला नेला की चेहऱ्याला आकार येतो.

सुरुवात ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या थोडं वरून करावी. स्टँड हळूहळू आणखी बाजूला सरकवला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो. या प्रकाशयोजनेला नावही त्याचंच आहे.

खरी जादू मात्र अंतरात आहे. फ्लॅशला लावलेली पांढरी छत्री चेहऱ्याच्या अगदी जवळ, जेमतेम फ्रेमबाहेर आणली की सावल्यांच्या कडा मऊ होतात. लांब नेली की तीच छत्री कडक उजेड देते. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. फ्लॅशपासून चेहरा १ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या तुलनेत सोळावा हिस्साच उजेड मिळतो. खोलीतला बाकी उजेड कमी असला, तर पांढरी भिंतही गडद राखाडी दिसते!

सावली फार गडद वाटली तर दुसरा फ्लॅश विकत घ्यायची घाई नको. आधी चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरून बघा.