ऊन कडक म्हणजे वीज जास्त? संकरित अर्धवाहकांभोवतीचे गैरसमज

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा छतावर सोलर बसवलेल्यांना वाटतं, आता वीज भरपूर मिळणार. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. सिलिकॉन पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सियसला मोजतात. त्यापुढे दर अंशामागे ती साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. अशा दुपारी पॅनेल 65-70 अंशांवर सहज जातं, म्हणजे बारा ते अठरा टक्के वीज हातची जाते.

सिलिकॉनला जोड म्हणून आता संकरित पेरोव्हस्काइटचं नाव घेतलं जातं. शिसं आणि आयोडीन यांची चौकट आणि तिच्या प्रत्येक पोकळीत एक छोटा कार्बनी रेणू, अशी त्याची रचना. ‘अर्धवाहकात कार्बनी रेणू म्हणजे भेसळच’ असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण सिलिकॉनचा सगळा दबदबा शुद्धतेवर उभा आहे. इथे मात्र तो रेणू स्फटिकाचाच अवयव असतो. सिलिकॉन वितळवायला 1414 अंश लागतात. हा पदार्थ मात्र पिवळ्या द्रावणातून तयार होतो. गरगर फिरणाऱ्या काचेवर द्रावण टाकायचं, नेमक्या क्षणी दुसऱ्या द्रवाचे थेंब सोडायचे आणि काच शंभरेक अंशांच्या तव्यावर ठेवायची. बघता बघता थर काळपट तपकिरी होतो. थेंब टाकायला दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले, तरी थरावर डाग पडतात. 2009 मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या पेरोव्हस्काइट सेलची कार्यक्षमता 3.8 टक्के होती; आज ती 26 टक्क्यांपलीकडे आहे.

कार्बनी आणि अकार्बनी, म्हणजे सेंद्रिय-असेंद्रिय, अशी जोडी प्रकाश देण्यातही कामाची आहे, आणि त्यात नागपूरचं काम जुनं आहे. घरातला पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच: निळी चिप आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. त्यात लाल रंग तोकडा पडतो. युरोपियम हे मूलद्रव्य शुद्ध लाल रंग देतं, पण स्वतः प्रकाश फारच कमी शोषतं. म्हणून त्याच्याभोवती सेंद्रिय रेणू बांधतात. ते अतिनील किरण टिपतात, ऊर्जा युरोपियमला देतात आणि 612 नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश बाहेर पडतो. नागपूर विद्यापीठाचे संजय ढोबळे आणि लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटच्या एन. थेजो कल्याणी यांनी अशा संयुगांवर आणि ओएलईडीवर, म्हणजे सेंद्रिय एलईडीवर, काम केलं आहे.

पुन्हा सोलरकडे येऊ. ‘पेरोव्हस्काइट आलं, मग सिलिकॉन भंगारात जाणार’ हाही घाईचा निष्कर्ष. पेरोव्हस्काइट वर, सिलिकॉन खाली, अशी दुपदरी रचनाच आज पुढे आहे. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो, खालचा लाल आणि अवरक्त. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा 29.4 टक्के, चीनच्या लोंगी कंपनीच्या दुपदरी सेलने 34 टक्के ओलांडले. आयआयटी मुंबईत दिनेश काब्रा यांचा गटही याच रचनेवर काम करतो.

शिशाबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. थर जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा, म्हणून चौरस मीटरला शिसं एक ग्रॅमपेक्षाही कमी. पण ते पाण्यात सहज विरघळतं, आणि माझ्या मते खरी काळजी तीच आहे. गारपिटीत काच फुटली तर शिसं गळू न देणारं आवरण आणि जुनी पॅनेल परत घेण्याची सोय आधी हवी.

टिकाऊपणाचा प्रश्न तर थेट आपला आहे. मूळ संकरित पेरोव्हस्काइटची, म्हणजे मिथिलअमोनियम लेड आयोडाइडची, स्फटिकरचना सुमारे 54 अंशांना बदलते. नागपूरच्या छतावर उन्हाळ्यात हा उंबरठा रोज दोनदा ओलांडला जाईल, दुपारी वर आणि रात्री खाली. जास्त उष्णतेत मिथिलअमोनियम हा कार्बनी रेणू निसटूनही जातो. म्हणून त्याच्या जागी फॉर्मअमिडिनियम आणि सीझियम वापरतात. पॅनेल 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास ठेवण्याची परीक्षाही असते. तरी बंद पेटीतले 1000 तास म्हणजे विदर्भातला मे आणि त्यामागचा जुलै नव्हे. इथल्या छतांवर दोन-तीन वर्षं पॅनेल लावून मोजमाप व्हायला हवं, आणि विक्रेत्याने कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी तेही छापावं.