लाटेचा आकडा वाचताना

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की कोकणातल्या होड्या पाण्यात उतरतात. त्यानंतरचे काही आठवडे किनाऱ्यावरच्या रुग्णालयांचा अपघात विभाग सावध असतो. पाऊस ओसरलेला असतो, ऊन पडतं, पण समुद्र पुरता निवलेला नसतो.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी खाडीच्या तोंडावर उलटलेल्या लहान होडीतल्या तिघांना आमच्याकडे आणलं. दोघे कुडकुडत होते, पण बोलत होते. तिसरा, पस्तिशीतला, आम्ही वाचवू शकलो नाही. त्याचा भाऊ पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘साहेब, मोबाइलवर दीड मीटरच लाट दाखवत होती.’

अंदाज चुकलेला नव्हता. रक्तातल्या साखरेचा एक आकडा पाहून आम्ही निदान करत नाही. तो उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, हे आधी विचारतो. लाटेच्या आकड्यालाही असे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, ही उंची नेमकी कोणत्या लाटेची? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते. त्यात लाटेची जी उंची असते, ती सर्वांत मोठ्या लाटेची नसते. एका काळात येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे काही लाटा त्याहून मोठ्या असणारच. काही तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. ‘दीड मीटर’ वाचलं की अधूनमधून पावणेतीन-तीन मीटरची लाट धरूनच चालावं.

दुसरा प्रश्न, दोन लाटांमध्ये किती सेकंद? हा आकडा बहुतेक जण पाहतच नाहीत. इथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून बारा-पंधरा सेकंदांच्या अंतराने येतात, तेव्हा आपल्याकडे वारा पडलेलाही असू शकतो. सहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर असते, पंधरा सेकंदांच्या लाटेची सुमारे ३५० मीटर. खोल समुद्रात अशी लांब लाट होडीला अलगद उचलते आणि खाली ठेवते, जाणवतही नाही. पण उथळ पाण्यात तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती फुटते. म्हणून बाहेर शांत वाटणारा समुद्र खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर खवळलेला असतो.

तिसरा प्रश्न, परतायच्या वेळी भरती असेल की ओहोटी? ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर पडतं. समोरून येणारी लाट त्याला भिडली की ती आखडते, उभी होते. त्यातच पट्ट्यावरचं पाणी कमी झालेलं असतं.

भरतीची वेळ काढायला जुन्या लोकांना मोबाइल लागत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला हा हिशेब साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने लागू पडतो. खाडीत आत गेलं की वेळ पुढे सरकते. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावं.

त्या दिवशी अमावास्येनंतरची द्वितीया होती. म्हणजे दीडच्या सुमारास उधाणाची भरती. होडी परतत होती साडेचारला, ओहोटी ऐन जोरात असताना. दोन तास बाहेर थांबून पाण्याचा जोर ओसरू दिला असता, किंवा दुपारी भरतीबरोबरच आत आले असते, तर ती लाट कदाचित वेगळी भेटली असती.

वाऱ्याचंही तसंच. त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हवामान विभाग ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत’ असा इशारा देतो, तेव्हा लहान होडीने निघूच नये. २०१७च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी होड्या इशारा पोहोचण्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. म्हणून बाहेर पडल्यावरही अंदाज ऐकत राहायला हवा. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. वायरलेस सेट हवाच.

आता माझ्या खात्यातलं. आपलं पाणी कोमट असलं, तरी पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता खेचतं. काही तासांत हातपाय गळतात, पट्टीचा पोहणाराही थकतो. लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगावर हवं. होडी उलटल्यावर ते शोधून घालणं जमत नाही. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी झोप येते. होडी हाकणाऱ्याने त्या घेऊ नयेत. आणि दारू कोणीच नको.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं चुकीचं आहे. त्याने पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि मेंदूला प्राणवायू मिळायची वेळ वाया जाते. श्वास चालू नसेल तर उताणं ठेवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. तरीही हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्या. दर ३० दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्या कोणाला तरी १०८ला फोन करायला लावा. समुद्रातून मदत हवी असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात आणाच. खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते.

त्या पस्तिशीतल्या माणसाला किनाऱ्यावर आणलं तेव्हा नाडी लागत होती, असं त्याचा भाऊ म्हणाला. पुढची दहा मिनिटं त्याचं पोट दाबण्यात गेली होती. दाबणारे सगळे त्याचे जिवाभावाचेच होते. श्वास कसा द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.