एकाने मोजावं, दहांनी तपासावं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माणसं घरी येतात तेव्हा बाईला बराच वेळ प्रश्न विचारतात. मुलं किती, शेवटचं बाळंतपण कुठे झालं, घरात शौचालय आहे का, नवरा हात उचलतो का. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष या मुलाखतींना बसले. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम पाहते. वर्तमानपत्रांत त्यातली मोजकी वाक्यं येतात. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया, हे त्यातलंच एक. त्या बाईने दिलेल्या उत्तरांचा बहुतांश भाग मात्र अहवालाच्या बाहेरच राहतो. त्यातून आणखी काय शोधता येईल हे दुसरा संशोधक तो मूळ डेटा हातात घेतो तेव्हाच कळतं.

असा डेटा संशोधकांनी एकमेकांना द्यावा का, दिला तर कसा, याबद्दल डॉक्टरांत, संशोधकांत आणि रुग्णांतही बरेच गैरसमज आहेत. काही नुसत्या भीतीतून आलेले, काही खऱ्या अनुभवातून. दोन्ही प्रकारांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

«पेपर छापून आला, म्हणजे पुरावा समोर आलाच»

२२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्याचा त्यात दावा होता आणि निष्कर्ष असा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होतात. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. भारतात तेव्हा आयसीएमआर आरोग्य कर्मचाऱ्यांना हेच औषध प्रतिबंधासाठी सुचवत होती. वाचकांपैकी काहींनी साधे आकडे पडताळले. निबंधात ऑस्ट्रेलियातले जितके मृत्यू दाखवले होते, तितके त्या तारखेपर्यंत त्या अख्ख्या देशात नोंदलेलेच नव्हते. मूळ डेटा दाखवा अशी मागणी झाली. तो जिच्याकडे होता त्या सर्जिस्फिअर या कंपनीने स्वतंत्र तपासनिसांना तो देण्यास नकार दिला आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. यावरून औषध गुणकारी होतं असं मात्र ठरत नाही. पुढे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. पण तिथवर पोचलो ते खऱ्या रुग्णांच्या खऱ्या नोंदींमुळे.

टॅमीफ्लूची गोष्ट याहून लांबली. स्वाइन फ्लूच्या साथीत सरकारांनी या गोळ्यांचे साठे केले. एकट्या ब्रिटनने त्यावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले. २००९ मध्ये जपानमधल्या एका बालरोगतज्ज्ञाने कॉक्रेन या संस्थेला विचारलं की गुंतागुंत कमी होते असा निष्कर्ष तुम्ही ज्या दहा चाचण्यांवरून काढला, त्यांतल्या बहुतेक तर कधी छापल्याच गेल्या नाहीत, मग तो मान्य कसा करायचा? प्रश्न रास्त होता. चाचण्यांचे पूर्ण अहवाल कंपनीकडून मिळवायला काही वर्षं गेली. ते वाचून २०१४ मध्ये जे निघालं ते असं की मोठ्या माणसांत आजाराची लक्षणं सरासरी ७ दिवसांऐवजी ६.३ दिवस राहतात. रुग्णालयात भरती होणं टळतं याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. छापील सारांशावर विसंबून राहण्याची ही किंमत होती.

«कुणी मागितला तर देऊच की»

हे वाक्य आता निबंधांच्या शेवटी सर्रास असतं. ते किती खरं, हे क्रोएशियातल्या संशोधकांनी करूनच पाहिलं. ‘विनंती केल्यास डेटा मिळेल’ असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना त्यांनी विनंती केली. २०२२ मध्ये निकाल छापला. डेटा देणारे सुमारे ७ टक्के निघाले. बाकीचे सगळे अप्रामाणिक होते असं मला वाटत नाही. ज्या विद्यार्थ्याने फाइल बनवली तो नोकरी बदलून गेलेला असतो, संगणक बदललेला असतो, कुठला रकाना कशाचा हे कुणालाच आठवत नसतं. म्हणूनच निबंध छापतानाच डेटा एखाद्या विश्वासू भांडारात, नोंद क्रमांकासह ठेवायला हवा. व्यक्तीच्या सदिच्छेवर तो सोडू नये.

«नाव काढून टाकलं की रुग्ण सुरक्षित»

आणि याच्या नेमका उलट गैरसमज, की डेटा दिला म्हणजे रुग्णाची गुपितं चव्हाट्यावर आलीच. दोन्ही चूक, पण पहिला जास्त धोक्याचा, कारण तो जाणत्या माणसांचा असतो.

अमेरिकेत १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग तसंच ठेवलं. लताण्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरमध्ये केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही जुळवून पाहिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार निघाले, त्यांत तीन पुरुष आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद तिच्यासमोर उघडी पडली. गडचिरोलीतल्या चाळीस उंबऱ्यांच्या पाड्याचा विचार करा. ‘सिकलसेल, वय ३४, तीन मुलं, विधवा’ एवढं लिहिलं की तिथल्या कुणालाही नावाची गरज उरत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते रोज वापरले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या जागतिक कार्यक्रमाचा भाग राहिलं आहे, त्या डीएचएसमध्ये वस्त्यांचे नकाशावरचे बिंदू मुद्दाम हलवून दिले जातात. शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात ५ किलोमीटरपर्यंत आणि काही मोजक्या खेड्यांत १० किलोमीटरपर्यंत. जिल्ह्याचं चित्र बिघडत नाही, पण घर सापडत नाही. २००५-०६च्या फेरीत लाखाहून अधिक लोकांच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी झाली, तेव्हा नमुन्यांवर फक्त बारकोड होते आणि घर ओळखू येईल असे क्रमांक पुसल्यानंतरच निकाल मुलाखतींशी जोडले गेले. त्यातला कोण बाधित हे आज कुणीच सांगू शकत नाही. तरीही हा डेटा दवाखान्यांतल्या आकडेवारीशेजारी ठेवल्यावर भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज २००७ मध्ये सुमारे ५२ लाखांवरून २५ लाखांवर आला. देशाचा अंदाज निम्म्यावर आला आणि एकाही घराकडे बोट दाखवावं लागलं नाही.

याहून पुढची पद्धत इंग्लंडने कोविडमध्ये वापरली. ‘ओपनसेफली’मध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी होत्या त्याच जागी राहिल्या. संशोधकाने आपला प्रोग्रॅम तिथे पाठवायचा आणि फक्त बेरजा-सरासऱ्या परत घ्यायच्या. कोणी काय चालवलं याची नोंद सर्वांना दिसते. सरसकट फाइली वाटण्यापेक्षा मला हीच वाट अधिक विश्वासाची वाटते.

«एकदा सही घेतली, आता काहीही करता येईल»

ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाला रक्त दिलं ते मधुमेहाचं कारण कळावं म्हणून. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि जमात मुळात कुठून आली याच्या अभ्यासालाही वापरलं गेलं. जमातीच्या आपल्या उगमाबद्दलच्या श्रद्धेला तो थेट धक्का होता. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन समझोता केला आणि उरलेले नमुने परत केले. त्यांनी दुसऱ्या संशोधनाला नकारच दिला असता असं नाही. त्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच संमतीचे प्रकार दिले आहेत. याच अभ्यासापुरती, अमुक विषयांपुरती, किंवा पुढच्या सर्व संशोधनासाठी मोकळी. संमतीपत्रात हे पर्याय वेगवेगळे छापून समजावले, तर दहा वर्षांनी एथिक्स कमिटीपुढे पेच येत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे, पण अटीवर. ठरवून दिलेली मानकं पाळायची आणि त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही. ‘नवा कायदा आला, आता डेटा देताच येत नाही’ असं बैठकांमधून ऐकू येतं, ते खरं नाही.

«आम्ही राबायचं आणि लोणी दुसऱ्याने खायचं»

या तक्रारीला गैरसमज म्हणताना माझा हात थोडा अडखळतो, कारण तिच्यात तथ्य आहे. उन्हातान्हात गावं पालथी घालणारी टीम पुण्याची किंवा मेळघाटची आणि चार आलेख काढून मोठ्या नियतकालिकात नाव छापून आणणारा परदेशी प्राध्यापक, हे अनेकांनी भोगलं आहे. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयाने तर दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना बांडगुळं म्हणण्यापर्यंत मजल मारली. त्यावर टीका झाली, आणि शास्त्रज्ञांनी तेच नाव देऊन दुसऱ्यांच्या डेटातून उत्तम काम करणाऱ्यांसाठी पुरस्कार सुरू केला.

इंडोनेशियाने याहून मोठा लढा दिला. बर्ड फ्लूचे नमुने तो देश जागतिक आरोग्य संघटनेला पाठवत होता. त्या विषाणूपासून ऑस्ट्रेलियातली कंपनी लस बनवते आहे आणि ती आपल्याला परवडणार नाही, हे लक्षात आल्यावर आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं. जगाने त्यांना बेजबाबदार ठरवलं. पण त्यातूनच वाटाघाटी झाल्या आणि २०११ मध्ये करार आला, की नमुन्यांचा उपयोग करणाऱ्या कंपन्यांनी लशींचा वाटा आणि पैसा परत द्यायचा. थांबवण्याने साथीवरची नजर अधू झाली हे खरं. देणाऱ्याला परत काय मिळणार, हे आधी लिहून घेतलं असतं तर ती वेळ आली नसती हेही तितकंच खरं.

डेटा देतानाही असंच लिहून घेता येतं. मूळ टीमला आपले निबंध आधी लिहायला मुदत, वापरणाऱ्याने डेटासंचाचा क्रमांक देऊन उल्लेख करणं बंधनकारक, स्थानिक संशोधकांचा सहभाग, विश्लेषणाचं प्रशिक्षण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतल्या ६३१ बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांच्या मापांशेजारी ठेवली गेली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. स्नायू कमी, पोट लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकलेली. भारतीयांना मधुमेह लवकर आणि सडपातळ अंगातही का होतो, या प्रश्नाला त्यामुळे गर्भापर्यंत मागे नेता आलं. यातली कुठलीही एक बाजू एकटी असती तर हे दिसलंच नसतं. आणि आज या शोधासोबत जगभर नाव घेतलं जातं ते पुण्याचं.

«फाइल पाठवली, काम संपलं»

२०१५-१६च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या ५८ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया निघाला. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांत तो ४१ टक्के. दोन फाइली शेजारी ठेवून ‘अ‍ॅनिमिया घटला’ असं कुणी लिहिलं तर ते धादांत चूक ठरेल. पहिल्यात बोटाला टोचून रक्त घेतलं, दुसऱ्यात शिरेतून, आणि वयोगटही एकसारखे नाहीत. रक्त कसं घेतलं, कुठलं यंत्र, ९९ हा आकडा म्हणजे वय की ‘माहीत नाही’, हे सांगणारी वही, म्हणजे कोडबुक, सोबत नसेल तर पाठवलेली फाइल दिशाभूल करते. ती वही लिहायला महिने लागतात आणि त्या कामाला संशोधन प्रकल्पात बहुधा ना माणूस असतो ना पैसा.

सांभाळण्याचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत रोखली आणि नव्वदहून अधिक देशांची सर्वेक्षणं जपणारा डीएचएस कार्यक्रम अडला. डेटाच्या नव्या विनंत्यांना उत्तर देणंही बंद झालं. भारताच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइली मागायला आपले पीएचडीचे विद्यार्थीही याच दारात जात होते. त्याच महिन्यात, ९ जानेवारीला, जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांचा जनुकीय डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना अर्जावर खुला झाला होता. भांडार आपलं, अटी आपल्या. सर्वेक्षणांच्या डेटासाठीही असंच पक्कं घर देशात हवं. आरोग्य संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने जानेवारी २०२३ पासून प्रत्येक प्रकल्पाकडून डेटा सांभाळण्याची आणि वाटण्याची योजना मागायला सुरुवात केली आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धरायला मुभा दिली. आपल्या अनुदानांच्या अर्जातही डेटा सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.