गटाची झाकली मूठ

दागिन्यांचा डबा आपण कपाटात, कुलपात ठेवतो. बचत गटाचं रजिस्टर मात्र टीव्हीवर नाहीतर फ्रिजवर पडलेलं असतं. येणारा-जाणारा सहज चाळतो. कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, आधार क्रमांक, खाते क्रमांक, सगळं त्यात! मैत्रिणींनो, हाही एक डबाच आहे.

मोठमोठ्या कंपन्यांनाही याची झळ बसली आहे. २००५ साली पुण्यातल्या एम्फॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरचं प्रकरण गाजलं. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांचं काम तिथे चाले. मदत करण्याच्या बहाण्याने काही कर्मचाऱ्यांनी चार ग्राहकांचे पिन नंबर काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे दीड कोटी रुपये, पुण्यातल्या खोट्या नावांच्या खात्यांत वळवले, असा आरोप होता. विशेष म्हणजे तिथे जाता-येता झडती व्हायची. आकडे लिहून नेता येत नव्हते, म्हणून ते पाठ करून नेले असावेत, असं तपासात पुढे आलं. म्हणजे कुलूप कुणी तोडलंच नाही. विश्वासाने मिळालेली माहितीच बाहेर गेली.

आपल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात. उद्या एखाद्या गटाने पापड-मसाल्याचा धंदा वाढवला, तर गिऱ्हाइकांचे फोन नंबर, कच्च्या मालाचा भाव, मसाल्याचं प्रमाण हेच त्याचं भांडवल. ते बाहेर गेलं की दुसरा कुणी दोन रुपये कमी करून गिऱ्हाईक ओढून नेतो. आणि एखादीचं कर्ज चव्हाट्यावर आलं, तर सासरी तिला मान वर करता येत नाही. ती गटच सोडते.

मग करायचं काय? रजिस्टर कुलपात ठेवा. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. कोऱ्या चेकवर सही नको. पिन, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, अगदी साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. आधारची झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कारण लिहा. सचिव बदलली की मोबाइलचे पासवर्ड बदला, बँकेतली सहीसुद्धा बदला. यात तिच्यावर संशय नाही, ही रीतच आहे. करारानुसार हाती आलेली कुणाची खासगी माहिती नुकसान करण्यासाठी फोडली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक मात्र ध्यानात ठेवा. गुप्तता बाहेरच्यांसाठी असते, सभासदांसाठी नाही. दर बैठकीत जमा-खर्च मोठ्याने वाचलाच पाहिजे. "हे गुपित आहे" म्हणून जी हिशेबच दाखवत नाही, तिला आधी प्रश्न विचारा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मुठीत काय आहे, ते आतल्या दहाजणींना ठाऊक हवं.