गयाना : सात जागांची पत

१ सप्टेंबर २०२५च्या निवडणुकीने गयानाच्या ६५ जागांच्या संसदेतून ‘अलायन्स फॉर चेंज’ हा पक्ष पार पुसून टाकला. चर्चा झाली ती राष्ट्राध्यक्ष इरफान अली यांच्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या ३६ जागांची आणि अझरुद्दीन मोहम्मद यांच्या, त्याच वर्षी जन्मलेल्या ‘विन’ पक्षाच्या १६ जागांची. हळहळ वाटावी ती मात्र त्या शून्याची. त्या हळहळीचे कारण इतिहासात आहे. १९६४ ते १९९२ बर्नहॅम आणि त्यांच्या वारसाचे राज्य, मग चेडी जगन आणि त्यांच्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीची सलग तेवीस वर्षे. या साऱ्याचा गोषवारा एवढाच, की भारतीय वंशाचे बहुतेक मतदार एकीकडे, आफ्रिकी वंशाचे दुसरीकडे. २०११ साली ही कोंडी फुटली. सत्ताधाऱ्यांना ३२, एपीएनयू आघाडीला २६ आणि ‘अलायन्स फॉर चेंज’ या तिसऱ्या पक्षाला ७. विरोधकांनी २०१२च्या अर्थसंकल्पाला कात्री लावली. २०१४मध्ये अविश्वास ठराव पुढे येताच राष्ट्राध्यक्ष रामोतार यांनी संसदच स्थगित केली. सरकार असे बिचकले, ते या सात जणांमुळे.

फेब्रुवारी २०१५मध्ये हाच पक्ष पंतप्रधानपदाच्या बोलीवर एपीएनयूला जाऊन मिळाला. तागडी धरणारा स्वतःच पारड्यात बसला. सत्तांतर त्यामुळेच झाले, हे खरे. गयानात सर्वाधिक मतांच्या यादीचाच उमेदवार राष्ट्राध्यक्ष होतो, निकालानंतर जुळवाजुळव चालत नाही; तेव्हा आधी युती करण्यावाचून गत्यंतर नव्हते, हा बचावही वजनदार आहे. पण मग त्या सातांचा धाक खुर्चीत नव्हता, विरोधी बाकावर होता. खुर्चीने काय दिले? २१ डिसेंबर २०१८ला त्यांचेच चरणदास पर्सॉड अविश्वास ठरावाच्या बाजूने गेले आणि ३३ विरुद्ध ३२ मतांनी सरकार पडले. तर सरकार म्हणे, ६५चे निम्मे साडेबत्तीस, म्हणजे तेहतीस, म्हणून बहुमत चौतीस! कॅरिबियन न्यायालयाने हे अजब गणित २०१९मध्ये फेटाळले. पुढे २ मार्च २०२०च्या मतदानाचा निकाल चौथ्या विभागाच्या आकड्यांवरून अडला, तो २ ऑगस्टपर्यंत. बदलाचे नाव लावणारा पक्ष या सगळ्यात भागीदार होता.

‘विन’ने ती जागा भरून काढली, असे कोणी म्हणेल. जागा दुपटीहून जास्त, हे कबूल. पण अविश्वास ठरावाला ३३ मते लागतात, आणि एपीएनयूच्या १२ व आणखी एका पक्षाची एक धरूनही विरोधकांची बेरीज २९च भरते.